चादरीखालची पिशवी

थ्रेस्याला कशाचीच किळस येत नाही. लघवीची पिशवी उजेडाकडे धरून ती अशी बघते, जशी एखादी बाई दुकानात तेलाची बाटली पारखते. केरळातल्या पाला गावाच्या आसपास जे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या घरी जाऊन नळ्या बदलायच्या, जखमा धुवायच्या, हे तिचं नर्सचं काम. मी तिची गाडी चालवतो आणि सामान आत नेतो. मला किळस येते. वासाची थोडी, माणसांची फार.

कुरियनच्या घरची तर अजून जात नाही. त्याची आई शोशाम्मा लकव्याने पडलेली, लघवीला नळी लावलेली. बाई फटकळ. एरवी मला बघितलं की माझ्या सुटलेल्या पोटावर घसरायची. त्या दिवशी तिने मला ओळखलंच नाही. मुलाला मेलेल्या नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती. चर्चमध्ये कोंबड्या शिरल्यात, हाकला म्हणत होती.

सून लिसी खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावून दारातच उभी.

"सिस्टर, डोकं गेलंय अम्मच्चीचं. शनिवारी वृद्धाश्रमाची गाडी येतेय."

"ताप?"

"नाही ना. म्हणून तर म्हणते, वयाचंच आहे."

थ्रेस्याने चादर उचलली. चादर कोरी, भरतकामाची. तिच्याखाली, अगदी उशीला खेटून, ती पिशवी झोपवलेली. आत गढूळ, काळपट पाणी, आणि वास असा की डोळे चुरचुरावेत.

"ही वर कोणी ठेवली?"

कुरियन जमिनीकडे बघत म्हणाला, "रविवारी चर्चच्या वॉर्डाची, म्हणजे आसपासच्या घरांची, प्रार्थना आमच्याकडे होती. फादर येणार, सगळा वॉर्ड येणार. पलंगाला ते लोंबताना बरं दिसतं का, सिस्टर?"

"आणि लोक गेल्यावर?"

"राहिली तशीच."

"पाणी किती देता?"

"कमीच केलंय," लिसी म्हणाली. "भरली की ओतायची कोणी?"

"वॉर्डाला कटलेट वाढली असतील आणि हिला पाणी नाही?" थ्रेस्याचा आवाज चढला. "अहो, पिशवी वर ठेवली की आतली घाण उलटी अंगात जाते. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी ताप येतच नाही, नुसती बडबड सुरू होते. हे वय नाही, लिसी. मला हा संसर्ग दिसतोय."

तिने डॉक्टरांना फोन लावला. मग हात धुऊन, म्हातारीला स्वच्छ करून नळी बदलली, नव्या नळीतून तपासणीला लघवी घेतली. पिशवी पलंगाच्या दांडीला खाली अडकवली, जमिनीला टेकणार नाही अशी.

"गाडी थांबवा. आधी औषध लागू पडू द्या."

"पण शब्द दिलाय आश्रमाला," कुरियन म्हणाला.

याच माणसाने रविवारी सगळ्या आजाऱ्यांसाठी मोठ्याने देवाला साकडं घातलं असणार. थू! मी बाहेर जाऊन खरंच थुंकलो.

गाडी लांबणीवर पडली, तीही थ्रेस्या हटून बसली म्हणून. रोज परतताना ती मला तिकडे वळायला लावायची. शोशाम्माला टेकवून बसवायची आणि जिऱ्याचं कोमट पाणी घोटघोट पाजायची. "गिळ गं माझी राणी," म्हणत तिची हनुवटी पुसायची. घरातलं कोणी पुढे यायचं नाही. लिसी तेवढ्यात खिडक्या उघडून घ्यायची.

औषध लागू पडलं. एका संध्याकाळी आम्ही गेलो तर म्हातारी सुनेला म्हणत होती, "केस विंचर गं माझे, जटा झाल्यात." डोळे लख्ख, शब्द जागेवर. थ्रेस्याने तिच्या कपाळाची पापी घेतली.

कुरियनचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे आता पाठवायचं काही कारण नाही?"

"काही नाही," थ्रेस्या म्हणाली.

"आहे," शोशाम्मा म्हणाली. "मला अधूनमधून ऐकू येत होतं, कुरियन. मी जाते. इथे माझी तुम्हाला लाज वाटते. तिथे सगळ्यांच्याच पलंगाला लोंबत असेल."

थ्रेस्याने तिचा हात घट्ट धरला.

"अम्मच्ची, असं काय बोलतेस!" म्हणत कुरियन ढसाढसा रडला. आणि रडतरडतच त्याने खिशातून फोन काढून आश्रमाचा नंबर लावला.