टाकीला लावलेला कान

महामार्गावरच्या एका नव्या हॉटेलच्या दारात जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल उभी केली आहे. तिला भडक पिवळा रंग फासलाय आणि टाकीचं झाकण काढून आत प्लास्टिकची फुलं खोचली आहेत. बायकोबरोबर तिथं चहाला थांबलो, तर ते बघून माझं डोकंच फिरलं. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल घालून, प्लग घासूनपुसून आम्ही या गाड्या जपल्या. निळा धूर सोडत त्यांनी आमचे संसार ओढले, ते काय फुलदाण्या व्हायला?

वाटेत पेट्रोल संपलं की मी गाडी एका बाजूला कलती करायचो, म्हणजे तळाचं उरलंसुरलं नळीकडे यायचं. बायको टाकीला कान लावून खळखळ ऐकायची आणि म्हणायची, "आहे थोडं. पोचू घरी."

रागाच्या भरात मी ती पिवळी गाडी तशीच कलती केली. मॅनेजर धावत आला. "काका, हात नका लावू! फोटोसाठी ठेवलीय ती."

"फोटोसाठी? अरे, लाज वाटत नाही?" मी ओरडलो.

तोवर बायकोनं सवयीनं वाकून टाकीला कान लावला होता. जरा वेळानं ती सरळ झाली.

"चला हो," ती म्हणाली. "काही नाही उरलं आत."