रफिकभाईंचा ढीग

मुलींचे दोन संघ पाडून मी शिट्टी तोंडात धरली होती, तेवढ्यात फोन आला. रफिकभाईंची सून होती. "बाई, अब्बा गेले," एवढंच बोलली... मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी रचलेला मळीचा ढीग सकाळच्या थंडीत वाफा सोडत होता. मुली थांबल्या होत्या, खेळ कधी सुरू होतो म्हणून माझ्याकडे बघत होत्या. शिट्टी काही वाजवता आली नाही.

रफिकभाईंचं मुखेडात फर्निचरचं दुकान. तरुणपणी गोलकीपर होते, हे गिऱ्हाइकाला खुर्चीची किंमत सांगण्याआधी सांगायचे. नात माझ्या फुटबॉल संघात आली आणि त्यांनी शाळेचं मैदानच दत्तक घेतलं. गेल्या पावसाळ्यात त्या हिरवळीवर तपकिरी गोल चट्टे उठले. बुरशी! औषध फवारलं की दबायची, पाऊस झाला की दुपटीनं पसरायची. वैतागून संस्थेनं बजावलं, पुढच्या पावसाळ्यात चट्टे दिसले तर सरळ पेव्हर ब्लॉक बसवू. ब्लॉकवर माझ्या पोरी गुडघे फोडून घेणार की फुटबॉल खेळणार? मी रडकुंडीला आले, आणि रफिकभाईंच्या अंगात मात्र वारं शिरलं.

कृषी महाविद्यालयातल्या कुणाशी तरी बोलून आले ते सांगतच आले. रोग गवतावर दिसतो, पण दुखणं मातीत आहे. आपली काळी माती पाणी धरते, तिच्यात चांगली बुरशी वाढवली की वाईट बुरशीला जागा उरत नाही. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जी मळी उरते, हिवाळ्यात कारखाना सुरू होताच तिचा ट्रॅक्टर भरून आणला आणि उतावीळपणे त्याच दिवशी गोलपुढं पसरला. ताजी मळी ती, कढत! गवत करपलं, आणि शेजारच्या मंगल कार्यालयातलं वऱ्हाड नाकाला रुमाल लावून जेवलं. नवरीच्या मामाची बोलणी खाऊन आले, तरी हसतच होते.

मग शिकले. मळीत शेणखत आणि ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी मिसळून छोटा ढीग रचायचा, ओल ठेवायची, वरखाली करायचं आणि वाट बघायची. वाट बघणं त्यांना कुठलं जमतंय! रोज ढिगात हात घालायचे, येणाऱ्याजाणाऱ्यालाही घालायला लावायचे, मुख्याध्यापकही सुटले नाहीत. "बाई, गरम हाय तवर आत काम चालू हाय," मला म्हणाले. "थंड झाली की तयार. तवर टाकू नका गवतावर."

तो पहिला छोटा ढीग चाळून गोलपुढं पातळ पसरला. अवकाळी पाऊस आला, सगळीकडं चट्टे पडले आणि गोलपुढचा तेवढा तुकडा हिरवागार राहिला! रफिकभाईंनी त्या वयात त्यावर आडवी उडी मारली, नसलेला बॉल अडवला. आम्ही सगळ्या वेड्यासारख्या ओरडत होतो. लगेच त्यांनी अख्ख्या मैदानापुरता मोठा ढीग रचला, आणि तो गरम असतानाच ते गेले.

त्यानंतर मी त्या कोपऱ्याकडं फिरकले नव्हते. नातच पाणी मारायची, ढीग वरखाली करायची. काल तिनं हाक मारली म्हणून गेले आणि कोपरापर्यंत हात घातला. ढीग गार लागला. डोळे भरून आले... मग त्यांचं बोलणं आठवलं. शिट्टी तोंडात धरली आणि जोरात वाजवली. मैदानभरच्या पोरी पळत आल्या.

"घमेली आणा गं," मी म्हणाले. "तयार झालाय."