चौथं पाकीट

हिरोसे-सानच्या दुकानात शिरणाऱ्याने आधी बूट काढायचे, मग हात धुवायचे आणि मग खिशातलं पाकीट दाराजवळच्या वेताच्या टोपलीत ठेवायचं. त्याशिवाय खुर्ची मिळत नसे. नवखं गिऱ्हाईक हसायचं, "आजी, पाकिटाशिवाय माहजोंग कसा खेळायचा?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "खेळ टेबलावर, पैसा टोपलीत. दोघांची गाठ माझ्या दुकानात पडणार नाही." काही जण तिथूनच पाय मागे घ्यायचे. हिरोसे-सान कुणालाही थांबवत नसत.

जपानात, फुनाबोरी स्टेशनमागच्या गल्लीत, तांदळाच्या दुकानाच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की त्यांचा माहजोंगचा अड्डा. अड्डा म्हटलेलं त्यांना खपलं नसतं. सोंगट्यांचा खेळ, चार जणांचं टेबल, तासाचं भाडं, चहा आणि भाताचे गोळे, एवढाच त्यांचा धंदा. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. त्या भागात आम्ही मराठी घरं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होतो. श्रीकांत, माझा नवरा, एका जपानी कंपनीच्या कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहायचा, मुग्धा गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत जायची, आणि मी घरात भिंतींशी गप्पा मारायचे. कंटाळून मी अर्धवेळ काम शोधलं. पासपोर्टावर तशा परवानगीचा शिक्का होता. तो जपानीत होता आणि मला तेव्हा दूध आणि ताकाचे डबेसुद्धा वेगळे ओळखता येत नव्हते. हिरोसे-साननी चष्मा लावून तो शिक्का वाचला, बराच वेळ वाचला, आणि म्हणाल्या, "कपबश्या विसळा, सोंगट्या पुसा. टेबलाशी यायचं नाही."

साठीच्या पुढच्या, काटकुळ्या, ताठ बाई. बोलणं तुटक. मी सांगते ते त्यांचं जपानी माझ्या मराठीत ओतून सांगते आहे, पण धार तीच. कायदा त्यांना आमच्या आजीला सोवळं-ओवळं असायचं तसा पाठ होता. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला वाटीभर नूडल्स खिलवल्या तर चालतात, पण दहा येनचं नाणं टेबलावर आलं तर तो जुगार. मी म्हटलं, दहा येनने कुणाचं काय बिघडतं? तर म्हणाल्या, "आज पोटात जाऊन संपतं ते चालतं. उद्या खिशात उरतं ते नाही. माणूस बिघडतो तो उरलेल्यानं." मग, मला वाटतं एकदाच, त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. तो चालवत होता तेव्हा गिऱ्हाइकं पैशावर खेळताना सापडली आणि पोलिसांनी दुकान काही महिने बंद ठेवलं. त्या रिकाम्या महिन्यांत तो प्यायला लागला, आणि दुकान उघडलं तरी त्याचं पिणं बंद झालं नाही. परवाना पुढे बाईंनी आपल्या नावावर काढला. नंतर गल्लीत बालवाडी झाली. शाळेच्या इतक्या जवळ असा नवा परवाना मिळत नाही, जुना असला तर चालतो. "हा गेला की या गल्लीत दुसरा नाही," असं त्या भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवून सांगायच्या. दुकानामागच्या खोलीतच त्या राहायच्या. परवाना म्हणजे त्यांचं पोट आणि छप्पर दोन्ही.

मला त्यांची भीती वाटायची आणि तरी मी रोज उत्साहाने जायचे. त्यांना माझं काम पसंत होतं, हे मला त्यांनी कधी चूक काढली नाही यावरून कळायचं. एकदा मी पोह्यांचा डबा नेला. त्यांनी एक घास खाल्ला, डबा बंद केला आणि संध्याकाळी धुऊन परत दिला, रिकामा. चव कशी होती ते आजतागायत मला माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "ते पिवळं पुन्हा कधी?"

त्या दिवशी दुपारी माहजोंगवाल्यांच्या संघटनेची बैठक होती. हिरोसे-सान लवकर परत आल्या. जिना त्या कधी घाईने चढत नसत, त्या दिवशी जवळजवळ धावत आल्या. टेबलाशी तीन म्हातारे बसले होते, खालचे तांदूळवाले आणि त्यांचे दोन मित्र. चौथा गडी कमी असला की बाई स्वतः बसायच्या, म्हणून ते सोंगट्या मांडून वाट पाहत होते. त्यांच्याकडे न बघता त्या पडदा सारून सरळ मोरीशी आल्या.

"एप्रन काढा. आत्ता."

मी साबणाच्या हातांनी बघत राहिले. त्यांनीच मागची गाठ सोडली. शेजारच्या वॉर्डात एक माहजोंगचं दुकान पोलिसांनी बंद केलं होतं. तिथे एक परदेशी विद्यार्थी भांडी घासत होता. बार, नाचगाणी यांना जो कायदा, त्याच कायद्याखाली माहजोंगचा परवाना येतो, आणि अशा दुकानात आमच्यासारख्यांनी काम करायचं नाही, असं त्या शिक्क्यातच लिहिलेलं होतं. भांडीसुद्धा घासायची नाहीत. "मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ते रंगीत दिव्यांच्या दुकानांसाठी आहे. मला वाटलं, मोरी म्हणजे दुकान नाही." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. एप्रनची घडी करून त्यांनी ती खुंटीवर टाकली. पोलीस आता एकेक दुकान बघत फिरत होते.

 श्रीकांतचा आणि आमचा व्हिसा नूतनीकरणाला गेलेला होता. नेमका त्याच महिन्यात. बायकोने नियम मोडला असं कळलं असतं तर तिघांनाही गाठोडं बांधावं लागलं असतं.

तेवढ्यात खाली लोखंडी जिन्यावर बूट वाजले. सावकाश, एकेक पायरी. आमची गिऱ्हाइकं सगळी म्हातारी, धापा टाकत यायची. हा माणूस धापा टाकत नव्हता. दुकानाला दुसरं दार नव्हतं, मागच्या खोलीतही तो डोकावला असता, आणि स्वयंपाकघराला होता तो नुसता पडदा.

हिरोसे-साननी माझा दंड धरला आणि चौथ्या खुर्चीत बसवलं.

"मला येत नाही," मी कुजबुजले.

"तेरा आहेत. एक उचला, एक टाका. बोलू नका."

दार सरकलं. गणवेशातला पोलीस, चाळिशीचा, अतिशय नम्र. वाकून नमस्कार करत आत आला. असे नम्र लोक मला जास्त घाबरवतात. त्याने परवाना पाहिला, दुकानाच्या वेळा लिहिलेली पाटी पाहिली, दिव्यांचा उजेड पाहिला, कुठे आडोसा तर नाही ना ते पाहिलं. मग विचारलं, "कामाला कोण कोण?"

"मी एकटी."

"आणि या?"

"गिऱ्हाईक," हिरोसे-सान म्हणाल्या.

तो शब्द उच्चारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोलीस येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी समोरच्या सोंगट्यांकडे बघत होते. रोज पुसून पुसून त्यांचे चेहरे ओळखीचे झाले होते, गोळे, बांबू, आकडे. पण त्यांचं करायचं काय? आणि मग, देवाची शपथ, माझ्या भेदरलेल्या डोक्यात एकदम उजेड पडला. तेरा पानं. एक उचल, एक टाक. ही तर रमी! आमच्याकडे सुट्टीत वडील, काका आणि मी सतरंजीवर ठाण मांडून बसायचो ती. ओळीने तीन लावा, सारखे तीन लावा, एकटं पडलेलं पान आधी फेका. मी गोळ्यांचे तीन, चार, पाच शेजारी सरकवले. दोन सारखे बांबू एका बाजूला केले. सोंगटी उचलली, कामाची होती, ठेवली. आता टाकायला एक एकटा आकडा होता. तो मी वडिलांच्याच झोकात टाकला.

समोर तांदूळवाल्यांनी श्वास आत ओढला आणि डोळे खाली घातले. मागचा पोलीस हलला नाही.

"हात ओले आहेत तुमचे," तो म्हणाला.

"हात धुतल्याशिवाय मी कुणाला बसू देत नाही," हिरोसे-सान म्हणाल्या. हे तर सगळ्या गल्लीला माहीत होतं.

त्याने मान डोलावली आणि दाराकडे निघाला. मी सुटले म्हणते आहे तोच तो टोपलीपाशी थांबला. त्याने हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं.

"तीन पाकिटं आहेत. खेळणारे चार."

 माझं पाकीट पर्समध्ये होतं, पर्स पडद्याआड खुंटीवर, एप्रनशेजारी. गिऱ्हाइकाची पर्स मोरीत कशी? मी हिरोसे-सानकडे पाहिलं.   त्यांच्याच शिस्तीने त्यांना पकडलं होतं.

"यांना मी घेऊन आलोय," तांदूळवाले खेकसले. "भाडं मी भरणार. बाईमाणसाच्या पाकिटाची चौकशी काय करता?"

पोलीस हसला, पुन्हा वाकला. "पुढच्या आठवड्यात सविस्तर येतो. गल्लीतही थोडं विचारीन." आणि त्याच्या बुटांचा आवाज सावकाश खाली गेला.

तांदूळवाल्यांनी सोंगट्या उलट्या करून दाखवल्या. मी टाकलेली सोंगटीच त्यांना हवी होती. उचलली असती तर डाव जिंकले असते, पण मग हिशोब मांडावा लागला असता आणि माझं बिंग फुटलं असतं. "असा हात मला वर्षातून एकदा लागतो," ते मला म्हणाले, आणि इतका वेळ आवरलेलं माझं रडू हसण्यातच फुटलं. हिरोसे-सान हसल्या नाहीत. त्यांनी तिघांची पाकिटं तिघांच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "घरी जा. परत येऊ नका. रस्त्यात भेटलो तरी ओळख दाखवू नका."

मला ते फार लागलं. घरी श्रीकांतने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गल्लीत विचारलं तर संपलंच ग. तू रोज चढतेस तो जिना सगळ्यांना दिसतो." खरंच होतं. न्हाव्यापासून फुलवालीपर्यंत सगळे मला कामावर निघाले का म्हणून विचारायचे. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. दाराची बेल वाजली की मी ओट्यापाशी थिजायचे. एका दुपारी मुग्धा बालवाडीतून ओरडतच आली, "आई, ओमावारी-सान किता!" पोलीसकाका आले होते!  रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवायला आले होते बिचारे. मुग्धा हात वर करून दाखवत होती आणि मी जमिनीवर बसले होते.

आठवडा उलटला तरी कुणी आलं नाही. मग मला राहवलं नाही. त्यांनी नको म्हटलेलं असताना मी जिना चढले.

दार सताड उघडं होतं. जुन्या सामानाचा व्यापारी टेबलं उचलत होता. हिरोसे-सान डोक्याला रुमाल बांधून केर काढत होत्या. परवान्याची चौकट भिंतीवर नव्हती.

"परत देऊन आले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी. वय झालं म्हणून सांगितलं. दुकानच नाही म्हटल्यावर तिथे कपबश्या कोण विसळत होतं हे कोण विचारतं?"

"पण नवा तर मिळणार नाही!"

"नाही मिळणार."

त्या दूर उत्तरेकडच्या सेंदाई शहरात धाकट्या बहिणीकडे जाणार होत्या. त्या बहिणीशी त्यांचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, तो पुन्हा आला असता तर काहीतरी सांगितलं असतं, तांदूळवाले होते, आपण सगळे होतो.

"काय सांगितलं असतं?" त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "खरं सांगितलं तर तुमचं घर जातं. खोटं सांगितलं तर माझं दुकान राहतं. मग उद्या कुठल्या तोंडाने मी म्हणू, पाकीट टोपलीत ठेवा?"

"माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं," मी म्हणाले. 

तेव्हा त्या चिडल्या. एवढ्या मोठ्याने बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. व्यापारीसुद्धा टेबल खाली ठेवून बघायला लागला. "तुमच्यामुळे काही नाही! शिक्का मी वाचला. चूक मी केली. मी हरले, मी भरलं. त्यात तुम्ही वाटेकरी व्हायचं नाही." मग श्वास घेऊन, नेहमीच्या आवाजात, "बालवाडी सुटायची वेळ झाली. मुलीला वाट बघायला लावू नका."

मी वाकून नमस्कार केला, आपला, पायांना हात लावून. त्या दचकून मागे सरकल्या. मग त्यांनी एक हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावरचा केर झटकला. तो केर होता की आणखी काही, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

बालवाडीच्या फाटकाशी इतर आयांच्या घोळक्यात मी तोंड लपवून उभी होते. मुग्धाने माझा चेहरा पाहिला आणि जपानीत विचारलं, "आई, तुला कुणी रागावलं?"

"हो," मी म्हणाले, "खूप रागावल्या."

तिने माझं बोट धरलं आणि शिकवल्याप्रमाणे दुसरा हात उंच वर करून मला रस्ता ओलांडून घरी नेलं.