गेटपाशी ठेवलेले गठ्ठे

नलू गेल्याचं तिच्या सुनेनं फोनवर कळवलं. मुलुंडला आमची दारं समोरासमोर, पण शेवटच्या आजारपणात मुलगा तिला बोरिवलीला घेऊन गेला होता. फोन ठेवला आणि उगाचच दार उघडून समोरच्या कुलपाकडे बघत राहिले...

समाजसेवेची हौस नलूला, मला नाही. इस्पितळात बाहेरगावच्या पेशंटांजवळ थांबलेल्या नातेवाइकांना ती रात्रीचं जेवण पुरवायची. त्या खर्चासाठी वर्षातून एकदा शाळेतल्या मुलांकडून रद्दी गोळा करायची. शाळेची परवानगी मागायला भांडुपला जाताना मला बळेच ओढून न्यायची. ऑफिसबाहेरच्या बाकावर ताटकळत मी कुरकुर करायचे आणि ही शिपायाशी त्याच्या मुलीच्या लग्नाच्या गप्पा मारत बसायची.

एका वर्षी मुख्याध्यापिका म्हणाल्या, सगळ्यात जास्त रद्दी आणेल त्याला बक्षीस देऊ. मला ते पटलं होतं. नलूनं साफ नकार दिला.

"बाई, ज्याच्या घरी पेपरच येत नाही, त्या पोरानं काय करायचं?"

तेव्हापासून रद्दीच्या दिवशी ती शाळा भरायच्या आधीच आमच्या दोघींच्या घरचे गठ्ठे गेटपाशी नेऊन ठेवायची. रिकाम्या हातानं आलेल्या मुलानं त्यातला एक उचलायचा आणि इतरांसारखं आत जायचं. कोण उचलतंय ते मी बघायला लागले की दटावायची, "बघू नको गं त्यांच्याकडे." मला तिचा फार अभिमान वाटायचा. तसं तिला कधी म्हटलं मात्र नाही.

यंदा बाकावर मी एकटीच होते. बाई म्हणाल्या, आता पेपर घेतो कोण? त्यापेक्षा पालकांना मोबाइलवर क्यूआर कोड पाठवू, पैसे थेट जमा होतील. त्यांचं काही चुकत नव्हतं. बोलायचं काम नेहमी नलूचं, मला ते जमत नाही. तरी म्हटलं, "एवढं एक वर्ष रद्दीच राहू दे. गेटवरचे गठ्ठे मी आणीन." बाईंनी थोडा विचार केला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दिवस दिला. रिक्षात बसले आणि लक्षात आलं, हे सांगावं असं आता कुणीच नाही.

नलू आजारी पडल्यापासून तिचा पेपरही माझ्याच दारात पडत होता. महिनाअखेरीला पेपरवाल्यानं विचारलं, "समोरच्या काकूंचा आता बंद करू ना?" मी म्हटलं, चालू ठेव.

रोज सकाळी एकच पेपर दोनदा येतो. एक मी वाचते. दुसरा घडी न मोडता तसाच गठ्ठ्यावर ठेवते.