सुदर्शनमामाचा स्वीडिश उजेड

सुदर्शनमामा रोज सकाळी चहाच्या आधी वारज्यातल्या गॅलरीत उभा राहून तळहात उन्हात धरायचा आणि सावकाश फिरवायचा. बोटांच्या सावल्या किती गडद पडतात ते बघायचा. समोरच्या वेणूबाईंना वाटायचं, सूर्यनमस्काराचा कंटाळा केलेला माणूस आहे. मामाने तो गैरसमज कधी दूर केला नाही. आळशी म्हटलेलं परवडतं, कलावंत म्हटलं की लोक हसतात, असं त्याचं म्हणणं.

मामा लग्नांचं शूटिंग करायचा. तरुणपणी योरान नावाचा एक स्वीडिश छायाचित्रकार व्याख्यानाला पुण्यात आला होता आणि मामा तिथे वायरी ओढायला होता. योरानच्या गावी हिवाळ्यात दिवस जेमतेम चार तासांचा. त्यामुळे तो उजेडाची वाट बघायला शिकला आणि खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडात चेहरे टिपून सिनेमातली मोठमोठी पारितोषिकं मिळवत गेला. मामाला त्याची सगळी कारकीर्द पाठ होती आणि शेजारी स्वतःची लावून सांगायची खोड होती. योरानला पहिलं पारितोषिक मिळालं त्या वर्षी मामाला कात्रजची एक मुंज मिळाली. दुसरं मिळालं तेव्हा मामाने मोठा दिवा बंद ठेवून स्वारगेटजवळ एक लग्न टिपलं. फिल्म बघून वधूची आई म्हणाली, "अहो, आमच्याकडे वीज होती त्या दिवशी."

तेव्हापासून मामा मुकाट्याने दिवा लावत आला.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्याने आईकडे एकच मागितलं. मंगलाष्टकांचं शूटिंग त्याच्या पद्धतीने, दिव्याशिवाय. आयुष्यात एकदा. कार्यालय तो तीनदा जाऊन पाहून आला. साडेदहाला पूर्वेच्या खिडकीतला उजेड अंतरपाटावर येणार आणि अंतरपाट निघाला की माझ्या चेहऱ्यावर. मुहूर्तही नेमका तोच निघाला.

लग्नाच्या सकाळी आईच्या लक्षात आलं की त्या वेळी मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. आमच्या घराने मठ्ठ्यात मिरची किती यावर महिनाभर वाद घातला होता, पण मामा एकच आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"दादा," आई म्हणाली, "कॅमेरेवाले पन्नास मिळतील. हिला मामा दुसरा कुठून आणू?"

मामाने कॅमेरा स्टँडवर लावला, चौकट दोनदा तपासली, बटण दाबलं आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. दुसऱ्याच मंगलाष्टकाला नवऱ्याचे काका फेटा सावरत बरोबर कॅमेऱ्यापुढे येऊन थांबले. मामाला ते दिसलं. चार पावलं गेला असता तर काम झालं असतं. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात जरा घट्ट झाला, पण तिथेच राहिला. उजेड ठरल्या वेळी आला. अंतरपाट निघाला. काका अक्षता टाकत राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. अकरा मिनिटं केशरी फेटा. आई पदराशी चाळा करत बसली. मामा मात्र मन लावून बघत होता. संपल्यावर म्हणाला, एकेक घडी मोजून घ्या, असा फेटा योरानलाही जमला नसता. मग सगळे एकदम हसले, सगळ्यात आधी तोच.

त्याच आठवड्यात मामा झोपेतच गेला. त्या रविवारी निघताना, चपला शोधता शोधता तो मला म्हणाला होता, "फाइल पुसू नकोस. सातव्या मिनिटाला काका वाकलेत, तेव्हा तुझा कान दिसतो."