चव्हाट्याचा खेळ

पुसदच्या एका कॉलेजात रजनी पाठक संगणक शिकवायच्या. त्यांचे वडील नेरच्या तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीतलं कुणाचं काही त्यांनी कधी घरी सांगितलं नाही. आपल्या वर्गातल्या पोरांनाही ही सवय लागावी, असं रजनीबाईंना फार वाटे. पण ‘माहितीची नीती’ हा धडा आला की वर्ग जांभया द्यायचा.

२००६ साली त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले आणि खेळ काढला, ‘चव्हाटा’. प्रत्येक पत्त्यावर एका काल्पनिक गावातल्या माणसाची खासगी गोष्ट. पत्ता दुसऱ्याला दिला, म्हणजे गोष्ट फोडली, की गुण. शेवटी त्या माणसांच्या नावांतली एक चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव निघेल, तो माणूस म्हणजे आपण. मग आपली गोष्ट फुटल्यावर काय झालं, ते रजनीबाई वाचून दाखवणार.

प्राचार्य म्हणाले, "बाई, कॉलेजात पोरखेळ?" त्या ओशाळल्या, पण खेळ घेतलाच.

वर्ग दणाणून गेला. सगळ्यात जास्त गुण अर्पिताचे. कापूस पिकवणाऱ्या घरची, हुशार पोरगी. तिच्या चिठ्ठीत निघाली झोपेच्या गोळ्या घेणारी रुखमाबाई. तो पत्ता अर्पितानंच खपवला होता. रजनीबाईंनी पुढचं वाचलं : गोष्ट सोयऱ्यांपर्यंत गेली आणि रुखमाबाईच्या लेकीचं जमलेलं लग्न मोडलं.

वर्ग सुटल्यावर अर्पिता दारातच उभी. "मॅडम, मले बोलाचं हाय."

कॉलेज झालं की ती एका आरोग्य पाहणीचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरायची. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत कापसाच्या गावांत अशा पाहण्या चालूच होत्या : घरात कोण खचलंय, कुणाला झोप नाही. औषधं विकणाऱ्या एका माणसानं तिला नोकरी कबूल केली होती, त्या नावांची यादी दिली तर.

रजनीबाईंनी विचारलं, "दिलीस?"

"नाई. यादीची सीडी पिशवीत हाय, आज दुपारी द्याची होती. आमच्या शेजारच्या भागीरथाकाकूचं नाव हाय त्याच्यात. मले आधी काहून नाई सुचलं?"

रजनीबाईंना इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. "अगं, सुचलं की. वेळेत सुचलं."

दोघी पाहणीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या प्रमुखांनी, अनंतरावांनी, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सीडी कडकन मोडली. "उद्यापासून माझ्यासमोर बसून भरायचे फॉर्म. येशील ना?"

अर्पितानं मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र ती हुंदके देऊन रडली. रजनीबाईंनी तिला बसस्टँडजवळ गरम भजी खाऊ घातली. सकाळपासून दोघींच्या पोटात काही नव्हतं. दोन प्लेटी कधी संपल्या, कळलंही नाही.