दुरुस्तीच्या कपाटातलं सासर

काकूंचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या बहिणींना त्यांचा हेवा वाटला होता. मुलगा एकुलता एक. त्याचे वडीलही एकुलते एक. आईवडील दोघंही आधीच गेलेले. म्हणजे सासू नाही, सासरा नाही, दीर, जाऊ, नणंद काही म्हणजे काही नाही. "राणी होशील गं, राणी," थोरली बहीण म्हणाली. तिच्या स्वतःच्या घरात बारा माणसं होती आणि त्यातली निम्मी कायम तिच्यावर रुसलेली असत, तेव्हा तिला तसं वाटणं साहजिक होतं.

काकू राणी झाल्या, पण प्रजाच नव्हती. माहेरी नऊ भावंडं. तिथे शिंकायचं म्हटलं तरी कुणाच्या ना कुणाच्या अंगावर शिंकावं लागे. सासरी दोन खोल्या आणि एक नवरा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसायचा. बोलायची वेळ आली की आधी भिंग काढायचा, मग विचार करायचा, मग एक शब्द बोलून पुन्हा भिंग लावायचा. घरात चौदा घड्याळांची टिकटिक आणि काकूंचा एकटीचा आवाज. भांडावं म्हटलं तरी समोर कुणी हवं की नको?

म्हणून काकूंनी नोकरी धरली. अभ्यासाची पुस्तकं आणि जुनी कागदपत्रं ठेवलेलं एक मोठं ग्रंथालय होतं. तिथे धूळ झटकायची, पिण्याचं पाणी भरायचं, मागतील ती पुस्तकं आणून द्यायची. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मधूनमधून. पगाराच्या कागदावर पूर्ण नावाची सही लागायची, म्हणून नवऱ्याने चार संध्याकाळी समोर बसून सासरचं आडनाव गिरवून घेतलं. ते हाताला लागलं आणि डोळ्यांना दुसरं काही दिसेनाच. दुकानाच्या पाटीवर ते दिसायचं, डॉक्टरच्या दारावर दिसायचं. तिसऱ्या महिन्यात एका जाड पुस्तकाच्या पाठीवर दिसलं, सोनेरी अक्षरांत.

काकू फडकं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. घरात औषधाला नसलेला सासरचा माणूस इथे भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या अंगाला ओल लागली होती.

ती खोली होतीच ओलसर. अख्ख्या इमारतीत कोरडी जागा एकच, मागच्या खोलीतलं दुरुस्तीचं कपाट. फाटकी पुस्तकं बांधणीसाठी तिथे ठेवायची असा नियम होता, पण बांधणारा यायचा बंद होऊन कैक वर्षं झाली होती, त्यामुळे कपाट रिकामंच. आजारी माणसाला उन्हात नेऊन बसवावं तसं काकूंनी ते पुस्तक तिथे नेऊन ठेवलं. मग त्याच आडनावाचं दुसरं सापडलं, मग तिसरं. सव्वीस वर्षांत एकेचाळीस झाली.

काकूंना वाचता येत नव्हतं असं नाही. पण ती शीर्षकं म्हणजे नुसती जोडाक्षरांची रांग. पहिल्याच शब्दात पाय अडकायचा. तेव्हा त्यांनी आपल्या सोयीने ओळखी करून घेतल्या. शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड होते, ते मामंजी आणि सासूबाई. एकाला बाहेर काढलं की दुसरं लगेच कलंडायचं. जुन्या दस्तऐवजांची सूची म्हणजे थोरले भाऊजी. लाल कापडात बांधलेलं पत्रांचं पुस्तक ही जाऊबाई, कारण कितीही मागे सारली तरी ती रांगेतून पुढे यायची. गोगलगायींची चित्रं असलेलं हिरवं पुस्तक, ते धाकटे भाऊजी. एकात आजारी माणसांची चित्रं होती, ते चुलत सासरे. त्यांना काकूंनी खबरदारी म्हणून अगदी कडेला ठेवलं होतं. एका पुस्तकावर बाईचं नाव होतं. नणंद म्हणावी, तर लग्न होऊन आडनाव बदलायला हवं होतं. म्हणून काकूंनी तिला लग्न न झालेली नणंद ठरवलं, आणि तिच्याशी त्या जरा जपूनच वागत. मामेसासरे मात्र कुणालाच केलं नाही. मामांचं आडनाव वेगळं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

रोज दुपारी फडकं घेऊन कपाट उघडायच्या आणि दहा मिनिटं नांदून यायच्या. "जाऊबाई, सरका जरा. भाऊजी, ताठ उभे राहा, पाठ वाकलीय." संध्याकाळी घरी सांगायच्या, "आज जाऊबाईंनी फार नाटकं केली." नवरा भिंग काढून म्हणायचा, "असं?"

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही म्हणाल, तर त्याला कारण होतं. कुणी चिठ्ठीवर ते आडनाव लिहून पुस्तक मागितलं की काकू अर्ध्या मिनिटात हजर. ग्रंथपाल साहेब कौतुकाने विचारायचे, "बाकीची पुस्तकं मिळायला तास जातो, ही बरी पटकन सापडतात हो तुम्हाला?" काकू म्हणायच्या, "घरचीच आहेत." साहेबांना वाटायचं, बाई ग्रंथालयालाच घर समजते. वाचून झालं की पुस्तक पुन्हा काकूंच्याच हाती यायचं, आणि पुन्हा कपाटात.

साहेबांना निवृत्त व्हायला महिना उरला आणि वरच्या कचेरीतून पडताळणीचा हुकूम आला. एकेक पुस्तक मोजा, जागेवर आहे का पाहा. तीस वर्षांत असा हुकूम आला नव्हता. नोंदणी कारकून याद्या घेऊन खोलीखोलीतून हिंडला. दुरुस्तीच्या कपाटाची वही वेगळी असते, ती वही कुणालाच सापडेना, म्हणून ते कपाट त्याने सोडून दिलं. बाकी सगळं मोजलं. एकेचाळीस पुस्तकं कमी भरली.

साहेबांना उभ्या आयुष्यात एकच बढाई मारायची सवय होती: चौतीस वर्षं झाली, माझ्या हातून एक पुस्तक हरवलेलं नाही. ही बढाई घरी, दारी, लग्नाकार्यात सगळ्यांनी ऐकलेली. आता अहवालात 'हरवलेली : एकेचाळीस' असं लिहून खाली त्यांनीच सही करायची होती. साहेबांनी जेवणाचा डबा उघडायचं सोडलं. खुर्चीत नुसते डोळे मिटून बसायला लागले.

काकूंना ते बघवेना. त्यांनी पदर खोचला आणि चोरी शोधायला लागल्या. मांडण्यांखाली झाडू घातला, खिडक्यांच्या मागे पाहिलं, जुन्या टेबलांचे खण उपसले. हे करताना त्यांनी चोराला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

"काय काय गेलंय ते वाचा तरी," त्या कारकुनाला म्हणाल्या.

"'गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांचे वर्गीकरण'," कारकुनाने वाचलं.

"हे दिसायला कसं आहे?"

"मला काय माहीत? मी नंबर बघतो, पुस्तक कशाला बघू?"

"नंबरावरून कधी कुणी सापडतं का?"

साहेब डोळे न उघडताच बोलले. "हिरवं आहे. एक कोपरा उंदराने खाल्लाय. आत गोगलगायींची चित्रं आहेत, एकेक गोगलगाय तीन बाजूंनी काढलेली. नोकरीला लागलो त्या वर्षी अख्खं वाचलं होतं मी. तेव्हापासून रस्त्यात गोगलगाय दिसली की वळसा घालून जातो."

काकूंचा झाडू थांबला.

"आणि लाल कापडाचं... असं काही आहे का यादीत?"

"आहे की. जुना पत्रव्यवहार," कारकून म्हणाला.

"आणि जाडी जोडी?"

"कोश. दोन खंड. तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज हो," काकू म्हणाल्या आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अर्धा तास लवकर घरी गेल्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. आपण कपाटात नेऊन ठेवली ती पुस्तकं हरवलेली समजतात. सांगून टाकलं तर एकेकाला पुन्हा वेगवेगळ्या खोल्यांत धाडतील, त्या ओलीत. नोकरी जाईल ती वेगळीच. नाही सांगितलं तर साहेबांच्या नावाला बट्टा लागेल, तोही आयुष्यभराचा. "मी काय करू ते सांगा. नुसतं 'असं?' म्हणू नका."

नवऱ्याने भिंग काढलं. बराच वेळ ते बोटांत फिरवलं. मग चक्क टेबलावर ठेवून दिलं.

"उद्या मी येतो," तो म्हणाला. "माणसं माझीच आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला बरोबर घेऊन काकूंनी साहेबांना आणि कारकुनाला मागच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि खाली बघत म्हणाल्या, "साहेब, चोर मीच. काल दिलेल्या शिव्या परत घेते."

कारकुनाने मोजली. एकेचाळीस. त्याने पुन्हा मोजली. मग एकेक उघडून बघायला लागला आणि त्याचं डोकं फिरलं. "अहो काकू, यांचा एकमेकांशी काय संबंध? हा मास्तर, हा डॉक्टर, हा जमीन मोजणारा. हा एक तर समुद्रापलीकडे जन्मलाय. नुसतं आडनाव सारखं म्हणून काय झालं?"

"मला नका सांगू," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या आदल्या दिवशी यांचा तरी माझ्याशी काय संबंध होता?"

'यांनी' तोवर खिशातून भिंग काढून हिरवं पुस्तक उघडलं होतं. एक पान, दुसरं पान. "धाकटा हुशार निघाला," ते म्हणाले. साहेबांना आठ दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. शेवटी कारकुनाने त्यांना पाणी दिलं.

पुस्तकं आपापल्या जागी परत जायलाच हवी होती, त्यात साहेबांचाही इलाज नव्हता. ओलसर खोल्यांतल्या मांडण्या मात्र त्यांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढून घ्यायला लावल्या. काकू म्हणाल्या, मीच पोचवते एकेकाला. साहेबांनी छपाईच्या वर्षांप्रमाणे यादी केली आणि तिथे नवीन भांडण उभं राहिलं.

"काकू, तुमचे धाकटे भाऊजी मामंजींच्या चाळीस वर्षं आधी छापलेत."

"असतील. मान मामंजींचाच. आधी मामंजी लिहा."

"आणि नणंद सगळ्यांत लहान आहे. परवा-परवाची."

"बघा, म्हणून लग्न राहिलंय," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी वरच्या कचेरीतून तपासनीस बाई आल्या. अहवालात एक रकाना होता, पुस्तक जागेवर नसल्याचे कारण. कारकुनाच्या मते तिथे 'कर्मचारी महिलेची चूक' असं लिहायला हवं होतं. साहेबांनी त्याच्या हातून पेन काढून घेतलं होतं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कौटुंबिक कारण'. त्याच्याखाली चाळीस वेळा 'वरीलप्रमाणे'.

बाईंनी चष्मा वर केला. "हे कारण माणसं रजेच्या अर्जात लिहितात. पुस्तकांना कसं चालेल?"

"रकान्यात कारण लिहा एवढंच छापलंय," साहेब म्हणाले. "एकही हरवलेलं नाही, हे तुम्ही मोजून घ्या. बाकीचं या सांगतील."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण विचारलंय तर सांगायला हवं, म्हणून त्या लग्न ठरलं तिथपासून सांगायला लागल्या. बाईंनी आधी घड्याळ पाहिलं. मग घड्याळ पाहणं सोडलं. मामेसासऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि लग्न न झालेल्या नणंदेपाशी चहा मागवला. चहा संपल्यावर चार खोल्या फिरून त्यांनी एकेचाळीसही पुस्तकं आपल्या हाताने मोजली, 'हरवलेली' यापुढे शून्य घातलं आणि साहेबांपुढे सहीला कागद सरकवला. साहेबांनी सही केली, ती पार कागदाच्या कडेपर्यंत गेली.

काकूंच्या नोकरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि पर्स सावरत हळूच मागे वळल्या. त्यांनी आपलं आडनाव सांगितलं. "या नावाचं कुणी आहे का हो इथे? सहज विचारते."

काकूंनी जरा विचार केला.

"हे माहेरचं सांगताय की सासरचं?" त्या म्हणाल्या. "ते आधी सांगा, म्हणजे तसं बघायला बरं."